लघुपट: स्वर्गातली वेटिंग रूम, दोन देवदूत आणि जन्माची वाट बघणारी मुलगी. चित्रीकरणाबद्दल सल्ला हवा

पडद्यामागचा:

१५ मिनिटांचा विनोदी लघुपट करायचा आहे. गोष्ट थोडक्यात: स्वर्गात 'जन्म विभाग' नावाचं ऑफिस आहे. तिथे नऊ वर्षांची एक मुलगी टोकन हातात धरून बसली आहे. तिचे होणारे आईवडील खाली पुण्यात दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' करतायत. त्या दोघांचे राखणदार देवदूत (एक निवृत्तीला टेकलेला, एक नुकताच चिकटलेला) फाइल मार्गी लावायला खाली येतात. शेवट प्रसूतिगृहात.

प्रेरणा लपवत नाही. १९५० चा 'फॉर हेवन्स सेक', दिग्दर्शक जॉर्ज सीटन. त्यात क्लिफ्टन वेब आणि एडमंड ग्वेन हे दोन देवदूत एका नाटकवाल्या जोडप्याच्या मागे लागतात, कारण त्यांची मुलगी वर ताटकळत बसलेली असते. गोष्ट आमची वेगळी आहे, जात तीच.

सामान: क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, ३५ मिमी आणि १८-५५ लेन्स, एक बऱ्यापैकी ट्रायपॉड, दोन एलईडी पॅनल. संकलन डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीवर. तीन दिवस, ६०,००० रुपये, जेवणखाण धरून.

अडलेल्या गोष्टी:
१. देवदूत अर्धपारदर्शक दाखवायचे आहेत. व्हीएफएक्सला पैसे नाहीत.
२. ढगांची जमीन.
३. पंख द्यावेत का?
४. शेवटचा नवजात बाळाचा शॉट.

चौकट:

आधी पारदर्शकता, कारण तुमचं सगळं वेळापत्रक त्यावर हलणार आहे.

फिल्मच्या काळात कॅमेरा खिळवून आधी रिकामी खोली घ्यायचे, मग फिल्म मागे गुंडाळून त्याच फिल्मवर काळ्या मखमलीसमोर उभा असलेला नट. काळ्याचं फिल्मवर काही उमटत नाही, म्हणून नट तेवढा उमटतो आणि मागचं सामान त्याच्या अंगातून दिसत राहतं. यातून दोन पथ्यं आपोआप यायची. कपडे फिकट, कारण काळा कोट घातला तर कोट गायब होऊन नुसतं मुंडकं तरंगतं. आणि मागची भिंत गडद, कारण पांढऱ्या भिंतीचा उजेड आधीच पुरेपूर उमटलेला असतो, त्यावर आणखी काय उमटणार?

डिजिटलमध्ये मखमल लागत नाही, शिस्त लागते. एकाच चौकटीचे तीन तुकडे घ्या:

अ) फक्त माणूस. देवदूत तिथे आहे असं समजून संवाद.
ब) फक्त देवदूत, माणसाची जागा रिकामी.
क) पूर्ण रिकामी खोली, निदान २० सेकंद.

संकलनात माणसाच्या बाजूला 'अ' ठेवा. देवदूताच्या बाजूला खाली 'क', त्यावर 'ब' साधारण ५५ ते ६५ टक्के ओपॅसिटीनं (म्हणजे तितकाच गडद, बाकी आरपार). दोन्ही बाजूंच्या मध्ये मऊ कडेचा मास्क, म्हणजे चौकटीचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा आकार. दोन्ही तुकड्यांची पार्श्वभूमी हुबेहूब एकच असल्यामुळे फिकट होतो तो फक्त देवदूत, भिंत जागच्या जागी राहते. म्हणून त्याला कापून काढायची गरजच पडत नाही. प्रकट होणं, नाहीसं होणं म्हणजे 'क' ते 'ब' असा १२ फ्रेमचा डिझॉल्व्ह, एक चित्र हळूहळू दुसऱ्यात विरघळवणं.

आता बिघडतं कुठे ते.

ऑटो काहीही चालू राहिलं की संपलं. एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं मॅन्युअल. ट्रायपॉडवर असताना लेन्स आणि बॉडी दोन्हींचं स्टॅबिलायझेशन बंद करा, नाहीतर कॅमेरा जागचा न हलताही चौकट केसभर सरकते आणि भिंतीवरची खिळ्याची भोकं दुप्पट दिसतात. २५ फ्रेमला शटर १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. विजेशी न जुळणारा शटर ठेवलात तर घरातल्या ट्यूबलाइटचे पट्टे दिसू शकतात. पंखा बंद, पडदे टाचून ठेवा. खिडकीतला उजेड चौकटीत असेल तर तिन्ही तुकडे पाच-सात मिनिटांत उरका. ऊन सरकलं की मास्कची कड भिंतीवर रेघ ओढल्यासारखी उठून दिसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस आणि देवदूत यांनी मधली रेषा ओलांडायची नाही. हात लांब करून बोलायची सवय असलेला नट घेऊ नका, किंवा त्याच्या हातात चहाचा कप द्या.

नजर जुळवायला 'अ' घेताना देवदूताच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला चिकटपट्टी लावा. देवदूताच्या बाजूला 'क' येणार असल्यामुळे तो स्टँड आपोआप झाकला जातो. संवाद आधी फोनवर रेकॉर्ड करून नटाच्या कानात एक इअरफोन द्या, म्हणजे मधल्या थांब्यांची लांबी दोन्हीकडे सारखी राहील.

विंगेतला उजेड:

संगणक न वापरता कॅमेऱ्यातच करायचं असेल तर रंगभूमीवरचा जुना उपाय आहे, काचेचा. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये डिसेंबर १८६२ मध्ये जॉन पेपर यांनी तो लोकांसमोर आणला. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, पण नाव पेपरचं झालं.

कॅमेऱ्यापुढे काच ४५ अंशांत तिरकी. समोर काचेतून खरी खोली दिसते. बाजूला, चौकटीबाहेर, देवदूत काळ्या कापडासमोर उभा, त्याचं प्रतिबिंब काचेत. काचेपासून तो जितका लांब, तितकाच काचेच्या पलीकडे तो खोलीत उभा असल्यासारखा दिसतो. त्याला सोफ्याच्या मागे उभं करायचंय? काचेपासून सोफ्याच्या मागपर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि त्याला बाजूला तितक्याच अंतरावर उभं करा.

काच फार मोठी लागत नाही, कारण ती लेन्सच्या जवळ असते. तुमच्या ३५ मिमी लेन्सला काचेचा मध्य अडीच फुटांवर ठेवलात तर साडेतीन फूट रुंद आणि दोन फूट उंच काच पुरते. ४ मिमीची साधी काच घ्या, वजन साडेसहा किलोच्या आसपास. कडा घासून घ्यायला विसरू नका. जाड काच नको: तिच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन पृष्ठभागांवरून दोन प्रतिबिंबं पडतात, आणि जाडी वाढली की देवदूताच्या नाकाला दुसरं नाक फुटतं. ॲक्रिलिक स्वस्त आणि हलकं, पण मधे झोळ येतो आणि तोंड जत्रेतल्या आरशासारखं वाकडं होतं.

४५ अंशांत साधी काच एकूण दहाएक टक्केच उजेड परत फेकते. म्हणजे देवदूत खोलीइतकाच उजळ दिसायला हवा तर त्याच्यावर आठ-दहा पट उजेड हवा, तीन-सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). दोन पॅनलमध्ये हे फक्त रात्रीच्या प्रसंगात जमेल: खोलीत एक टेबललॅम्प आणि दोन्ही पॅनल देवदूतावर. दिवसाउजेडी नाद सोडा.

प्रतिबिंब उलटं असतं हेही ध्यानात ठेवा. शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, भांग फिरतो. छातीवर नावाची पट्टी असेल तर ती उलटी लिहून घ्या.

फायदा एकच पण मोठा. दोन्ही नट एकाच वेळी, एकाच टेकमध्ये बोलतात.

तिसरी घंटा:

वरचे दोन्ही प्रतिसाद तांत्रिकदृष्ट्या चोख आहेत. तरीही सल्ला असा की देवदूत पारदर्शक करूच नका.

कारण सौंदर्याचं नाही, विनोदाच्या टायमिंगचं आहे. तीन तुकड्यांत शूट केलं की दोन नटांमध्ये घडतं ते काहीच उरत नाही. एकानं वाक्य तोडलं म्हणून दुसऱ्यानं दचकणं, दोघांनी एकाच खुर्चीकडे एकदम जाणं, हे सगळं गेलं. उरतं ते इअरफोन ऐकणाऱ्या माणसाचं तोंड. ज्या सिनेमाचं नाव घेतलंत त्याची सगळी मजा देवदूत हाडामांसाचा होण्यात आहे. क्लिफ्टन वेबचा देवदूत नाटकाला पैसा लावणाऱ्या श्रीमंत गुरंवाल्याचं सोंग घेतो, आणि देह मिळाल्यावर देहाचे चोचलेही सुरू होतात. भूक, झोप, चैन. पारदर्शक माणसाला बटाटेवड्याचा मोह पडलेला दाखवता येत नाही.

(जाता जाता: इंग्रजी नाट्यव्यवसायात नाटकात पैसा घालणाऱ्याला 'एंजल' म्हणतात, म्हणून ते सोंग दुहेरी बसतं. मराठीत 'देवदूत' शब्दाला ती बाजू नाही, पण 'एंजल इन्व्हेस्टर' आता आपल्याकडेही सगळ्यांच्या तोंडी आहे. तुमच्या जोडप्यापैकी एकाचा स्टार्टअप असेल तर विनोद फुकटात मिळतो.)

१९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' मध्ये पंख न मिळालेला दुय्यम दर्जाचा देवदूत सरळ नदीत उडी टाकतो, ओला होतो, कपडे वाळत घालतो. त्यात स्वर्गही बांधलेला नाही. आकाशात तारे लुकलुकतात आणि आवाज बोलतात, संपलं. इतका स्वस्त स्वर्ग दुसरा नसेल.

मग अदृश्यपणा कसा कळवायचा? नियमानं आणि नजरेनं. पहिल्या दोन मिनिटांत नियम दाखवून टाका: देवदूताला कोण बघतं, कोण ऐकतं, तो वस्तू हलवू शकतो का. तीनच नियम, आणि त्यातला एक शेवटी मोडायचा. नजरेचं तंत्र असं: देवदूत समोर उभा असताना माणसानं त्याच्या चेहऱ्याकडे बघायचंच नाही, त्याच्या मागच्या भिंतीवरच्या खुणेवर नजर 'फोकस' करायची. डोळ्यांची बुबुळं लांबचं बघताना किंचित बाहेर सरकतात आणि क्लोजअपमध्ये ते स्वच्छ दिसतं. नुसतं 'तो नाहीये असं समज' म्हणून सांगितलं तर नट कपाळाकडे बघतात आणि प्रसंग खोटा पडतो.

वस्तू हलवायला तंगूस. ०.२० मिमीचा पेला-फाइलसारख्या हलक्या वस्तूंना पुरतो. काळ्या मार्करनं पुसून घ्या म्हणजे चमकणार नाही, आणि मागून येणारा प्रकाश टाळा, त्यात तंगूस चांदीच्या तारेसारखा उजळतो.

पडद्यामागचा:

तिसरी घंटा, पटलं. मग पारदर्शक फक्त दोन शॉट ठेवतो: पहिल्यांदा प्रकट होतात तो आणि शेवटी जातात तो. दोन्हींत देवदूत एकटे आहेत, त्यामुळे चौकट यांच्या पद्धतीतला 'अ' लागणारच नाही.

स्वर्गाचं काय करू? लुकलुकते तारे चालणार नाहीत, कारण माझं ऑफिसच विनोदाचं मूळ आहे. टोकन, खिडकी, 'जेवणाची सुट्टी' ची पाटी.

नेपथ्य-५१:

ढगांबद्दल दोन रस्ते आहेत.

एक, कोरडा बर्फ. वजा ७८.५ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड. अडीच किलो बर्फाला ७०-८० अंशांचं पंधरा लिटर पाणी घेतलं तर पाचेक मिनिटं दाट पांढरा लोट जमिनीलगत पसरतो. तुकडे अंड्याएवढे करा. चुरा टाकला तर एकदम उसळून मिनिटात संपतं. पाणी गार झालं की लोट मरतो, म्हणून दर टेकला नवं गरम पाणी, आणि ते तापवायची सोय सेटजवळ. थर्मोकोलच्या खोक्यातही दिवसाला तीन-चार किलो उडून जातो, तेव्हा आदल्या दिवशी आणून ठेवायची वस्तू नाही. जाड हातमोजे वापरा. झाकण घट्ट करू नका, डबा फुटतो. बंद गाडीतून आणू नका, काचा उघड्या ठेवा.

पण तुमच्या सेटवर नऊ वर्षांची मुलगी *बसलेली* आहे. हा वायू हवेपेक्षा जड, वास नाही, जमिनीलगत साठतो. बाकावर बसलेल्या मुलाचं नाक मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर असतं. बंद खोलीत चार-पाच टेक झाल्यावर डोकं दुखू लागलं, धाप लागली तर ते दमल्यामुळे नव्हे. मूल चौकटीत असताना कोरडा बर्फ नको, एवढा साधा नियम ठेवा. बाळाच्या तर आसपासही नको.

धुराचं यंत्र भाड्यानं मिळतं, पण त्याचा धूर गरम असतो, वर चढतो आणि ढगांऐवजी आग लागल्यासारखं दिसतं. नळीतून बर्फाच्या पेटीतून नेला तर खाली राहतो, तरी फरशी निसरडी होते.

दुसरा रस्ता म्हणजे उशीत भरायचं पॉलिएस्टर फायबर. कोंबड्यांची जाळी वाकवून उंचवटे करायचे, त्यावर फायबर पिंजून अंथरायचं. दहा बाय दहा फुटांना पाच-सहा किलो लागेल. जाळीखाली थंड पांढरी एलईडी पट्टी, म्हणजे ढग आतून उजळतो. हॅलोजन बिलकूल नको. खरा कापूसही नको, ठिणगी लागली की क्षणात पेटतो. फायबर हातानं उपटून तुसं काढा. कात्रीनं कापलेली सरळ कड कॅमेऱ्याला लगेच कळते. देवदूतांच्या कोटांना ही तुसं चिकटतात, लिंट रोलर जवळ ठेवा.

माझं मत विचाराल तर ढग फक्त खिडकीबाहेर आणि टेबलाखाली. बाकी ऑफिस हुबेहूब सरकारी: लाल फडक्यात बांधलेल्या फाइली, गोदरेजचं कपाट, काउंटरवर दोरीनं बांधलेलं पेन. ढगावर ठेवलेलं लोखंडी कपाट हाच विनोद आहे. सगळीकडे ढग केले तर तो बुडतो.

पंखांना नाही म्हणा. पाच फुटी पंख पाठीला सॅकच्या पट्ट्यांनी बांधून दोन किलोच्या आत बसवता येतात, पण नटाला खुर्चीला टेकता येत नाही, अडीच फुटी दारातून आडवं जावं लागतं, आणि पिसांची खसखस कॉलर माइकमध्ये प्रत्येक वाक्यावर येते. कोटाच्या पाठीला दोन शिवलेल्या चिरा ठेवा. नव्याच्या चिरा कच्च्या टाक्यांनी बंद. पंख अजून सँक्शन व्हायचे आहेत.

चौकट:

स्वर्ग-पृथ्वी फरक रंगानं करा, फुकट आहे. १९४६ च्या 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' मध्ये पॉवेल-प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीनं परलोक कृष्णधवल आणि पृथ्वी टेक्निकलरमध्ये ठेवली. लोकांना अपेक्षा नेमकी उलटी असते. त्या दोन जगांना जोडणारा १०६ पायऱ्यांचा सरकता जिना मात्र खरोखर बांधला होता, तो तुमच्या ६०,००० मध्ये बसायचा नाही. रिझॉल्व्हमध्ये सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) एकदम शून्य करू नका, पाच-सात टक्के ठेवून सावल्यांत किंचित निळं ढकला, नाहीतर लग्नाच्या जुन्या अल्बमसारखं दिसतं.

ओवी-उखाणा:

एक शंका. राखणदार देवदूत हा ख्रिस्ती परंपरेतला. २ ऑक्टोबरला त्यांचा सणही असतो. पुण्यातल्या जोडप्याला तो लावायचा तर लावा, पण आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लेख लिहिते, त्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवतात. हे तर चालू अवस्थेतलं खातं आहे! तुमच्या जन्म विभागात सटवाई हेड क्लार्क का नाही? बाळ झोपेत हसलं की 'सटवाई हसवतेय' असं आजही घरोघरी म्हणतात. तुमचा शेवटचा शॉट तोच आहे.

न जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत मेटरलिंकचं 'द ब्लू बर्ड' हे नाटक जरूर वाचा. मॉस्को आर्ट थिएटरनं १९०८ मध्ये पहिल्यांदा केलं. त्यात भविष्याच्या राज्यात निळ्या कपड्यांतली मुलं थांबलेली असतात, आणि कुणालाही रिकाम्या हातानं पृथ्वीवर जाता येत नाही. कुणी शोध घेऊन जातं, कुणी गुन्हा. नायकाचा होणारा धाकटा भाऊ तीन आजार घेऊन निघालेला असतो: स्कार्लेट फीव्हर, डांग्या खोकला आणि गोवर. तुमच्या मुलीच्या पिशवीत काय आहे हे ठरवलंत तर वेटिंग रूमचा प्रसंग नुसता ताटकळण्याचा राहणार नाही.

पडद्यामागचा:

सटवाई हेड क्लार्क! घेतली. उद्याच संहितेत बदल करतो.

आता बाळ. ओळखीत महिन्याभरात दोन बाळंतपणं आहेत. घरचेच लोक, तयार आहेत. थेट दवाखान्यातच दोन मिनिटांत शॉट घेतला तर?

कॉलशीट:

नको. कारणं सांगतो.

बालकामगार नियमांत २०१७ साली आलेला २-सी नियम ध्वनिचित्र निर्मितीत १४ वर्षांखालचं मूल घेणाऱ्या प्रत्येक निर्मात्याला लागू आहे. 'आमचा छोटा लघुपट आहे' ही सवलत त्यात कुठे नाही. म्हणजे बाळाचंच काय, तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीचंही काम कागदावर हवं, ते तुम्ही विचारलंच नाहीत. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 'सी' नमुन्यातलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांची जबाबदारी कोणावर ते त्यासोबत. दिवसाला पाच तासांवर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांवर नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस. मानधन देणार असाल तर किमान २० टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. अर्ज तारखांच्या पुरेसा आधी टाका आणि परवानगी हातात आल्याशिवाय लोकेशनचा ॲडव्हान्स देऊ नका.

तान्ह्यांबद्दल बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आणखी कडक आहेत. तीन महिन्यांखालचं बाळ घ्यायचंच नाही, अपवाद स्तनपान-लसीकरणासारख्या जागृतीचा. कॅलिफोर्नियात १५ दिवसांपासून परवानगी आहे, पण तिथे सहा महिन्यांखालच्या बाळाचं प्रत्यक्ष काम दिवसाला २० मिनिटं, एकूण हजेरी दोन तास, सोबत नर्स, आणि १०० फूटकँडलपेक्षा (हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड एका वेळी ३० सेकंदांवर नाही. तिकडे जुळी शोधतात ती यासाठी. एकाची वीस मिनिटं संपली की दुसरं.

मार्ग काय? तीन महिने पूर्ण झालेलं, अंगानं लहान बाळ. फक्त चेहऱ्याचे आणि मुठीचे क्लोजअप. बाकी सगळीकडे बाहुली. शॉट बाळाच्या दूध-झोपेच्या वेळेवर लावा, बाळाला तुमच्या वेळेवर नाही. पोट भरल्यावर अर्ध्या तासात शांत क्लोजअप मिळतात. लाइट आधी बाहुलीवर लावून ठेवा, बाळ सगळ्यात शेवटी आणा. पॅनल थेट तोंडावर नको, पांढऱ्या छतावर मारून खाली येऊ द्या.

संहितेतली एक जागाही तपासा. सोनोग्राफीचा प्रसंग असेल तर डॉक्टरच्या किंवा तंत्रज्ञाच्या तोंडी, विनोदानंसुद्धा, 'मुलगी आहे' येता कामा नये. महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी हवीच, खऱ्या केंद्रात ती असतेच. उलट त्यातून विनोद निघतो: देवदूताला माहीत आहे, सांगता येत नाही, आणि तो पाटीकडे बोट दाखवतो.

लेबर रूम:

बाहुली आणि प्रसंगाचे तपशील, कारण सिनेमात इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

दुकानातली बाहुली अर्धा किलोही भरत नाही. नट तिला पाव किलो भेंडीची पिशवी धरावी तशी धरतो आणि प्रेक्षकाला कारण कळलं नाही तरी खोटेपणा कळतो. पूर्ण दिवसांचं बाळ आपल्याकडे अडीच ते तीन किलोंचं, सुमारे ५० सेंमी लांब. बाहुलीच्या कापडी धडात तांदळाच्या पुरचुंड्या भरून पावणेतीन किलो करा. डोक्यातही वजन घाला, कारण नवजात बाळाचं डोकं लांबीच्या पाव असतं आणि मान धरत नाही. मान सैल शिवा. मग नटाचा हात आपोआप मानेखाली जाईल, सांगावं लागणार नाही.

उलटं टांगून पाठीवर चापट हे जुन्या सिनेमातलं. आता बाळ कोमट कोरड्या फडक्यानं पुसतात, पाठ चोळतात आणि आईच्या छातीवर उघडं ठेवून वरून पांघरतात. नाळेला चिमटा लगेच लावत नाहीत, निदान एक मिनिट थांबतात. हे एक मिनिट तुमच्या देवदूतांना निरोपाला मिळतं.

रडण्याचा आवाज सहा महिन्यांच्या बाळाचा वापरू नका. नवजाताचं रडणं पातळ, आखूड, मध्ये श्वासाला अडखळणारं असतं. साउंड लायब्ररीतून घेताना वय बघून घ्या.

झोपेतलं हसू (सटवाईचं) जन्मापासून दिसतं, पण ते प्रतिक्षिप्त असतं, कुणाकडे बघून आलेलं नसतं. माणसाकडे बघून हसणं साधारण सहा आठवड्यांनी. त्यामुळे तीन महिन्यांचं बाळ देवदूताकडे बघून हसलेलं सहज मिळेल: लेन्सच्या वर काळ्या-पांढऱ्या जाड चौकटींचं कार्ड हळू हलवा, मागून आईनं बोलावं. पहिल्या दिवसाचं बाळ वीस-तीस सेंमीपलीकडे धड बघू शकत नाही, म्हणून देवदूताला पाळण्यावर चांगलं ओणवू द्या. खोलीच्या दारातून हात हलवला तर बाळाला तो दिसणार नाही.

आणि एक आयतं मिळतंय तर घ्या. जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाला दहापैकी गुण देतात, अपगार स्कोअर. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद, रंग, प्रत्येकी दोन. धडधाकट बाळालाही बहुतेक वेळा नऊच पडतात, कारण हातपाय सुरुवातीला निळसर असतात आणि रंगाचा एक गुण जातो. तुमचा निवृत्तीला टेकलेला देवदूत त्या एका गुणासाठी नर्सच्या कानाशी हुज्जत घालू शकतो. नर्सला अर्थातच ऐकू येत नाही, ती नऊ लिहून फाइल मिटते.

पडद्यामागचा:

हा प्रसंग लिहायला घेतो. बाहुलीत तांदूळ भरायचे की वाळू?

लेबर रूम:

तांदूळ. वाळू शिवणीतून झिरपते आणि पांढऱ्या चादरीवर दिसते. फक्त पुरचुंड्या प्लॅस्टिकमध्ये बांधा, कारण नवजात बाळ ओलं दाखवायला तुम्ही बाहुलीवर ग्लिसरीन-पाणी मारणारच.